बाबांच्या कंबरेचा फोटो

मला पाहायला आलेल्या लोकांनी लग्न ठरवण्याआधी माझ्या वडिलांच्या कंबरेचा फोटो मागवला होता. ही गोष्ट मी कितीतरी लग्नघरांत सांगितली आहे, आणि दर वेळी ऐकणाऱ्याचा घास ताट आणि तोंड यांच्यामध्ये अडकलेला पाहण्याचं सुख घेतलं आहे. फोटो हाडांचा, मशीनखाली झोपवून काढतात तो. आमच्याकडे त्यालाही सगळे फोटोच म्हणतात. आज सगळं लिहून काढते, कारण लग्नघरात नेमकं कोणीतरी वाढायला येतं आणि गोष्ट अर्धी राहते.

आम्ही नाचणगावचे, पुलगावच्या गिरणीचा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावरचे. बाबा गावच्या शाळेत हेडमास्तर होते आणि ते वाकत नसत. खडू खाली पडला तर चप्पल काढून तो पायाच्या दोन बोटांत धरत, पाय मागच्या मागे दुमडून हातात घेत, आणि हे सगळं फळ्यावरचं गणित न थांबवता. मागून कोणी हाक मारली तर मान वळायची नाही. अख्खे बाबा वळायचे, देवळाचं दार उघडावं तसे. वहाण दूर गेली तर छत्रीच्या मुठीनं ओढून घ्यायचे. हेडमास्तरनं झेंड्याचा बांबू गिळला असं पोरं म्हणायची, पण त्यात भीतीपेक्षा कौतुक जास्त होतं. पंधरा ऑगस्टला तपासनीस साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की अशी सलामी तालुक्यात दुसरा कोणी देत नाही. तेव्हापासून वर्गात बाबांचं एकच पालुपद होतं, "पाठ सरळ. माझ्याकडे पाहा."

आई त्यांच्या पायाची नखं कापून द्यायची. मला तो हेडमास्तरांचा थाट वाटायचा. नखं स्वतःची स्वतः कापता येत नाहीत म्हणून कापून देते, हे एकवीस वर्षं एका घरात राहून मला सुचलं नव्हतं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी वर्ध्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन घरी बसले होते. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेहून तीन माणसं मला पाहायला आली. मुलगा, त्याचे वडील आणि वडिलांची आई. मुलाची आई तो लहान असतानाच गेलेली. मुलगा कचेरीत कारकून होता. वडील वर्ध्यातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि औषधं बांधता बांधता डॉक्टरांपेक्षा आपल्याला जरा जास्तच कळतं, असं त्यांचं प्रामाणिक मत झालेलं होतं.

आजी सतरंजीवर बसल्या. मी पाया पडले, आई पाया पडली. मग बाबांची पाळी आली. मुलीच्या बापानं मुलाकडच्या वडीलधाऱ्या बाईच्या पायावर हात लावायचा, ही साधी रीत. आजींनी आशीर्वादासाठी हात आधीच वर करून ठेवला होता. बाबांनी उभ्याउभ्याच दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार."

आजींचा हात हवेतच राहिला. किती वेळ राहिला ते सांगत नाही, पण मी आत जाऊन कोथिंबिरीच्या सांबारवड्यांचं ताट घेऊन परत आले तरी तो तिथंच होता.

"हेडमास्तरची पोरगी करा लागते म्हनजे आपनच पाया पडा लागते काय?" आजी मुलाला म्हणाल्या. म्हणजे कंपाउंडरना.

बाबा तसेच हात जोडून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. मग आईला राहवलं नाही. ती दारातून म्हणाली, "आजी, राग नोका धरू. त्यायची पाठच वाकत नाई."

बाबा वळले. अख्खे. आईकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी पाढे चुकवणाऱ्यांसाठी राखलेली पाहिली होती. मला नंतर समजलं की त्यांना घमंडी म्हणवून घेणं चाललं असतं, अपंग नाही.

पण कंपाउंडर उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहराच पालटला. ते बाबांच्या जवळ गेले आणि चहा हातात घेऊनच विचारायला लागले, "सकाळी उठल्यावर कंबर धरून राह्यते काय? किती वेळ? फिरलं की मोकळी होते? मधात मधात डोया लाल होते काय? छाती फुगवून दाखवा बरं."

मी नवी साडी नेसून, पदर सावरून, ताट धरून उभी. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. पाहणी माझ्या बापाची चालली होती. बाबा कसली छाती फुगवतात, ते रागानं आधीच फुगले होते. मला हसू फुटायला लागलं आणि ताटातल्या वड्या थरथरायला लागल्या. तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं.

"तुमाले हसू येऊन राह्यलं ना?"

मी मान हलवली. तो म्हणाला, "मलेही." बस. तेवढ्यावर मी त्याला पसंत केला. दुसऱ्या कोणाला कळवायची सोय नव्हती, ती गोष्ट वेगळी.

चार दिवसांनी पत्र आलं. मजकूर दोन ओळींचा. मुलगी पसंत आहे. मात्र मुलीच्या वडिलांच्या कंबरेचा फोटो काढून, मागचे दोन सांधे कसे आहेत ते पाहिल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही.

आईनं पत्र दोनदा वाचलं आणि पाटावर बसून राहिली. हुंडा मागणारे तिनं पाहिले होते. घड्याळ, सायकल, रेडिओ मागणारे पाहिले होते. सासऱ्याचे सांधे मागणारे पहिलेच.

"तो कंपाउंडर मले तपासून घेऊन राह्यला," बाबा म्हणाले. शाळेत ते पुस्तकातली मराठी बोलत. वऱ्हाडी निघाली की समजायचं, बांध फुटला. "बैल इकत घेऊन राह्यला काय तो? नाई म्हनून कळवा."

"कळवू नका," मी म्हणाले.

"काऊन?"

"मला तो मुलगा आवडला आहे."

आमच्या घरात असं वाक्य कोणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आईनं तोंडावर पदर घेतला. बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते, त्यांना वळायला वेळ लागला. पुरते वळून झाल्यावर त्यांनी मला नीट पाहिलं, जणू आज नवीन नाव पटावर चढलं आहे. मग म्हणाले, "कधी जायचं वर्ध्याला?"

कंबरेचा फोटो काढायचा तर आदल्या दिवशी एरंडेल घ्यावं लागतं, पोट साफ असल्याशिवाय हाडं स्पष्ट येत नाहीत. हेडमास्तरांनी एरंडेल घेतलं आणि सकाळच्या पॅसेंजरनं निघाले. पुलगाव ते वर्धा या प्रवासाचं वर्णन मी बाबांच्या स्मृतीखातर करत नाही. इतकंच सांगते की ताठपणाचा त्यांना आयुष्यात सगळ्यात जास्त उपयोग त्या दिवशी झाला.

वर्ध्याचे हाडांचे डॉक्टर म्हातारे, शांत, नागपुरी हिंदी मिसळून बोलणारे. फोटो काढणाऱ्यानं बाबांना थंडगार टेबलावर झोपवलं आणि म्हणाला, "गुरुजी, आंग ढिलं सोडा."

"सोडलेलंच आहे," बाबा म्हणाले.

ओला फोटो चिमट्याला लटकवून आणला. डॉक्टरांनी तो काचेच्या पेटीवर लावला, मागचा दिवा लावला, आणि मी माझ्या बापाला आतून पाहिलं.

मी बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं होतं. हाडं मला चित्रातली माहीत. मणका म्हणजे एकावर एक ठेवलेले डबे, असं चित्र. इथं डब्यांवरून मेण ओघळलं होतं. उजव्या बाजूनं वरून खाली, मण्यामण्यावर थांबत, थेंब साचत, पुन्हा ओघळत, अशी पांढरी धार थिजलेली. हाडच होतं ते, जास्तीचं उगवलेलं. डावी बाजू मात्र बरीच मोकळी.

"डावीकडे मोठी रक्तवाहिनी उडत असते," डॉक्टर म्हणाले. "तिच्या धडधडीपायी हाड तिकडे जमत नाही, असं म्हणतात."

 जिथं रक्त धडधडतं तेवढीच जागा या माणसात वाचली होती, बाकीचा माझा बाप आतून बंद होत चालला होता, आणि आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो.

"आणि तो मागचा सांधा?" मी विचारलं. मी त्याचसाठी आले होते.

डॉक्टरांनी पेन्सिल खाली नेली. कंबरेच्या मागे दोन्ही बाजूंना ज्या खळ्या असतात त्यांच्या जरा खाली, पाठीचा कणा जिथं कंबरेच्या हाडात बसतो, तिथं दोन सांधे असतात. ते म्हणाले, पाठ थिजवणारे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात. एक तरुणपणी सुरू होतो, दुखत दुखत वाढतो, आधी हे मागचे सांधे खातो आणि मग वर चढतो. तो घराण्यात चालतो, बापाकडून लेकराकडे. दुसरा उतारवयात येतो, हाड फक्त वरून साचतं, आणि या सांध्याची आतली फट शाबूत राहते. फट दिसली की सुटलो.

उजव्या सांध्याची फट दिसत होती, काळी, बारीक. डावा सांधा पांढराफटक होता.

डॉक्टरांनी जिभेनं आवाज केला. "ये तो बंद दिख रहा है."

 लग्न गेलं, हे पहिलं डोक्यात आलं. खोटं कशाला सांगू, बाबा दुसरे आले. मग तिसरं आलं आणि त्यानं उरलीसुरली हवा काढून घेतली. बापाकडून लेकराकडे, म्हणजे माझ्याकडे. मी उभ्याउभ्या हळूच वाकून पाहिलं. हात पायाच्या अंगठ्याला लागले. बाबांनी ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"गुरुजी, पंचवीस-तिसाव्या वर्षी कंबर दुखायची काय? पहाटे झोपमोड व्हायची?"

"पंचेचाळीसपर्यंत मी गावच्या संघात कबड्डी खेळलो," बाबा म्हणाले. "दुखणं असं आताही नाही. नुसतं फिरत नाही."

"मग हे जुळत नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून एक काढू. मशीनची नळी तिरपी करून."

बाबा पुन्हा टेबलावर. फोटो धुऊन येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. मी देवांची नावं घेत होते की सांध्यांची, मला आठवत नाही. दुसरा फोटो आला, दिव्यापुढे लागला, आणि डावीकडे, जिथं सगळं पांढरं होतं तिथं, एक काळी रेघ वरून खालपर्यंत उभी दिसली. फक्त तिच्या माथ्यावर हाडाचा एक पूल होता.

"नाल्यावर लाकूड आडवं टाकलं," डॉक्टर म्हणाले, "की समोरून पाहणाऱ्याला नाला बुजल्यासारखा वाटतो. बाजूनं पाहिलं की पाणी वाहताना दिसतं. तुमचा सांधा जिवंत आहे. हा घराण्यातला आजार नाही. मात्र या लोकांना बहुतेक साखरेची तक्रार असते, लघवी तपासून घ्या."

साखर निघाली. आईनं त्याच दिवशी गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, जिथं बाबांचा हात पोचत असे पण नजर वर जात नसे.

परतीच्या गाडीत मी आनंदानं फुटायच्या बेतात होते आणि बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. सेलू काटे गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "दहा वर्षं पोरांना सांगितलं, माझ्यासारखे बसा."

मी म्हणाले, "चांगलंच सांगितलं."

"काही पोरं खरंच बसत होती ना पण," ते म्हणाले. "त्यांना जमत होतं. मला दुसरं येतच नव्हतं." 

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की फोटो काढायचं कबूल केलं होतं, दाखवायचं नाही. सांधा चांगला आहे असं कळवा. विश्वास असेल तर ठेवतील. "माझी कंबर मी त्यांच्या खिडकीत टांगणार नाही." आणि फोटो स्वतःच्या गादीखाली सपाट ठेवून वर झोपले.

आता माझा स्वभाव. ते शाळेत गेले की मी गादी उचलली. दुसरा, तिरपा फोटो घेतला, जुन्या कॅलेंडरच्या दोन पानांत घातला आणि वर्ध्याची एसटी धरली. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. आई म्हणाली, "मैत्रिणीले म्हनावं, खाली धरून नाई, उजेडावर धरून पाह्य." आईला फसवणारा अजून जन्मायचा होता.

एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "काय व्हय वं ते?"

"बाबांचा फोटो."

"पाहू दे."

मी थोडासा बाहेर ओढला. तिनं खिडकीच्या उजेडात हाडं पाहिली, पदर तोंडाला लावला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "कवा गेले माय?"

सिंदी मेघेला घरात कंपाउंडर आणि आजी दोघंच होते. मुलगी एकटी, न सांगता, मुलाकडच्या घरी आलेली पाहून आजींनी पहिल्यांदा माझ्या मागे पाहिलं, मोठं माणूस येतं का म्हणून. मी कॅलेंडर उघडलं आणि फोटो कंपाउंडरांच्या हातात दिला.

ते खिडकीशी गेले. मी वाट पाहत होते की मणक्यावरचं ते ओघळलेलं मेण पाहून ते दचकतील, मी दचकले होते तशी. त्यांनी मणक्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं बोट सरळ खाली गेलं, डावीकडे, बरोबर त्या जागी. तिथंच थांबलं.

"उजेड दिसून राह्यला," ते म्हणाले.  "फट उघडी हाये." मग ते खाटेवर बसले आणि फोटो मांडीवर ठेवून त्यांनी डोळे पुसले.

माझ्या बापाचा सांधा मोकळा निघाला म्हणून हा माणूस रडतो कशाला, मला समजेना.

"सांग आता तिले," आजी म्हणाल्या.

"माय, तू चूप राह्य."

"मी काऊन चूप राहू? माह्या मालकाले होतं ते, मी पाह्यलं," आजी माझ्याकडे वळल्या. "आखरीले हनुवटी छातीले लागली होती त्यायची. पंधरा वर्सं आभाय पाह्यलं नाई मानसानं. पाऊस येनार हाये काय ते मले इचारे. यायच्यात नाई आलं," त्यांनी कंपाउंडरांकडे बोट केलं, "आता पोट्ट्याच्या कंबरेत आलं. तुले पाहाले आला तो. तुले कोनी सांगतलं नाई ना?"

माझ्या हातून कॅलेंडर खाली पडलं. मी उचललंही नाही.

 "तुम्ही आमचा सांधा मागितला," मी कंपाउंडरना म्हणाले, "आणि तुमचा लपवला."

"दोन्हीकडून आलं असतं तं लेकरायचं काय झालं असतं, बाई?" ते म्हणाले. "एका बाजूनं मोकळं पाह्यजे, एवढंच पाहून राह्यलो होतो. सांगनार होतो मी."

"कधी?"

त्यांनी मांडीवरचा फोटो उलटा केला.

"कधी सांगणार होते?"

"लग्न झाल्यावर," कंपाउंडरांकडे न पाहता आजींनी सांगितलं. 

तेवढ्यात अंगणात सायकल लागली. मुलगा जेवायला घरी आला होता. दारात मला पाहून थांबला, माझा चेहरा पाहिला, वडिलांच्या मांडीवरचा फोटो पाहिला.

"तुमाले अगोदर सांगतलं नव्हतं?" त्यानं मला विचारलं.

"नाही."

"बाबा, मी तुमाले पह्यल्याच दिवशी म्हटलं होतं. पत्रात लिहा म्हटलं होतं." तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं कंपाउंडरांच्या तोंडाकडे पाहून वाटलं. "तुम्ही पत्रात त्यायच्या बाबाचं लेहलं अन् माह्यं नाई लेहलं?"

मग त्यानं कपाटावरून एक मोठं पाकीट काढलं. त्यातून आपला फोटो काढला, माझ्या बाबांचा घेतला, आणि दोन्ही खिडकीच्या गजांवर शेजारी शेजारी धरले. "या इकडं," तो मला म्हणाला. "पाहून घ्या."

मी गेले. डावीकडे माझे बाबा, पंचावन्न वर्षांचे. मेण ओघळलेला कणा, पण खाली त्या दोन बारीक काळ्या रेघा, त्यांच्यातून अंगणातलं ऊन आरपार दिसत होतं. उजवीकडे सव्वीस वर्षांचा मुलगा. त्याचा कणा कोवळा, स्वच्छ, चित्रातल्यासारखा. आणि खाली, जिथं फटी असायला हव्यात तिथं, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या, आणि मधे सगळं पांढरं. ऊन कुठूनच येत नव्हतं. बाबांकडे पाहून अख्खा तालुका म्हणायचा, केवढा ताठ माणूस. या मुलाकडे पाहून कोणी काहीच म्हटलं नसतं.

"सकाळी उठाले तास लागते," तो म्हणाला. "मंग दिवसभर बरा राह्यतो. वर चढनार हाये ते. किती, ते डॉक्टरले सांगता येत नाई. लेकरायले होऊ शकते, नाई पन होऊ शकत. तुमाले अजून काही इचारायचं हाये?"

"डोळा लाल होतो?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे. ऐकलेलं होतं म्हणून.

"दोनदा झाला."

मला हसू आलं, आणि लगेच रडू, आणि दोन्ही एकदम कसं आवरायचं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, "आज काही सांगू नोका. घरी जा, समदं सांगा. पोयी खाऊन जा."

मी पोळी खाल्ली नाही. एसटीत मला बसायला जागा मिळाली, ती कोणी दिली हे आठवत नाही.

घरी बाबा गादी उचलून बसले होते. माझ्या अंगावर येणार म्हणून मी तयार होते, आणि रागावायच्या आत सगळं एका दमात सांगून टाकलं. आजी, कंपाउंडर, खिडकीतले दोन फोटो, पांढरे झालेले सांधे. आई म्हणाली, "संपलं. नाई म्हनून कळवा. चोर हाये तो कंपाउंडर."  आई म्हणत होती ते सगळं खरं होतं. आणि मला तो मुलगा हवा होता, तेही खरं होतं.

बाबांनी फक्त एवढं विचारलं, "दुखतं त्याला?"

"सकाळी."

"उठतो कसा?"

"मला काय माहीत बाबा, मी दुपारी गेले होते."

पुढच्या रविवारी पहाटेच्या गाडीनं बाबा एकटेच निघून गेले. आम्हाला वाटलं, कंपाउंडरशी भांडायला गेले. दुपारी परत आले, छत्री कोपऱ्यात ठेवली, पाण्याचा पेला प्याले. आई आणि मी समोर उभ्या.

"मी त्याला उठताना पाहून आलो," बाबा म्हणाले.

 मुलीचा बाप, ज्या घरात लग्न ठरलेलं नाही त्या घरात, सकाळी सातच्या आत, मुलगा अंथरुणात असताना खुर्ची टाकून बसला होता. असं नाचणगावात काय, उभ्या जिल्ह्यात कोणी केलं नसेल.

"त्यांनी बसू दिलं?" मी विचारलं.

"कंपाउंडर नको म्हणत होते. मी म्हटलं, तुम्ही माझी कंबर पाहिली, मी तुमच्या मुलाची पाहतो. मुलगाच म्हणाला, बसू द्या." बाबा थोडं थांबले. "आधी एका कुशीवर झाला. मग पाय खाली सोडले. मग हातावर भार देऊन बसला. बसल्यावर पुन्हा थांबला, घाम आला होता. मग भिंत धरून उठला. पाऊण तास लागला. मधे आजी दोनदा हात द्यायला आली, तिला म्हणाला, तू चहा ठेव. कोणावर चिडला नाही. मी समोर बसलो होतो म्हणून नाही, त्याला सवयच दिसली तशी." त्यांनी पेला खाली ठेवायला हात लांब केला, आईनं तो वरच्या वर घेतला. "मला दुखत नाही, तरी मी तुझ्या आईवर चिडतो."

आई भिंतीकडे पाहायला लागली.

"वाढणार आहे ते," बाबा मला म्हणाले. "तो दर सकाळी असा उठेल आणि तुला ते पाहावं लागेल. मी एकदाच पाहिलं, मला पूर्ण पाहवलं नाही. आता बोल."

मी तीन आठवडे मनात हो म्हणत होते, आणि विचारल्यावर तोंडातून शब्द निघेना. मला त्या दुपारची खिडकी दिसत होती, आणि तिच्यातला तो पांढरा, उजेड अडवणारा तुकडा. भीती वाटत होती. आजही वाटते, सांगायला लाज कसली.

"त्याला चहा कसा लागतो, पाहिलं का?" मी विचारलं.

बाबा गोंधळले. "म्हणजे?"

"उठायच्या आधी की उठल्यावर?"

"आधी," बाबा म्हणाले. "अर्धा कप. कुशीवर झाल्यावर."

"बरं," मी म्हणाले.

आईनं डोक्याला हात लावला. बाबा पत्र लिहायला टेबलाशी गेले आणि उभ्यानंच लिहायला लागले. वैशाखात लग्न झालं. कंपाउंडरांशी मी वर्षभर धड बोलले नाही, आणि ते वर्षभर माझ्यासाठी दवाखान्यातून हाताला येईल ती ताकदीची बाटली आणत राहिले. मुलांबद्दल लिहायचं नाही असं मुलांनी मला बजावलं आहे. नवऱ्याची हनुवटी अजून छातीला लागलेली नाही. अर्धा कप चहा मी कुशीच्या बाजूला ठेवते, आणि त्याचं उठून होईपर्यंत तिथं थांबत नाही, मागच्या अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालते. त्याला तसंच आवडतं. बाबांसारखी खुर्ची टाकून बसायची हिंमत मला पहिल्या दिवशीही झाली नाही.